प्रयोगवहीपासून शोधनिबंधापर्यंत

प्रयोगशाळेत प्रयोग झाला की तो आपण एका वहीत उतरवून काढतो. या वहीला शाळा-कॉलेजांत सर्रास 'जर्नल' म्हणतात. शास्त्रज्ञ आपले संशोधन ज्या नियतकालिकांत प्रसिद्ध करतात, त्यांनाही जर्नलच म्हणतात. तुमच्या वहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे व निष्कर्ष असे मथळे असतात. शोधनिबंधाचा सांगाडाही जवळजवळ असाच असतो. मग फरक कोठे आहे?

तुमची वही तपासणाऱ्या शिक्षकांना उत्तर आधीच ठाऊक असते. शोधनिबंधाच्या वाचकाला ते ठाऊक नसते. तो दुसऱ्या गावी, कदाचित दुसऱ्या देशात असतो. त्याने लेखकाची प्रयोगशाळा पाहिलेली नसते. कागदावर जे लिहिले आहे तेवढ्यावरूनच त्याला निष्कर्ष पटवून घ्यायचा असतो. म्हणून निबंध लिहिताना एक कसोटी सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते : हा वाचून एखाद्या अनोळखी माणसाला माझे काम तपासता येईल काय? या कसोटीचे महत्त्व कळण्यासाठी एक घडलेली हकीकत पाहू.

दहा मिलिग्रॅमचा फरक

इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले वायूंची घनता अचूक मोजत होते. नायट्रोजन त्यांनी दोन रीतींनी मिळवला. पहिल्या रीतीत हवा तापलेल्या तांब्यावरून नेली व तिच्यातील ऑक्सिजन काढून टाकला. दुसऱ्या रीतीत हवा आधी अमोनियाच्या द्रावणातून नेली; त्यामुळे नायट्रोजनचा काही भाग अमोनियातून आला. हा दुसरा नायट्रोजन सुमारे हजारात एक भाग इतका हलका भरला.

प्रायोगिक त्रुटी म्हणून दोन्ही आकड्यांची सरासरी काढणे सोपे होते. रॅले यांनी तसे केले नाही. २९ सप्टेंबर १८९२ च्या 'नेचर'मध्ये त्यांनी पत्र छापून हा फरक जाहीर केला आणि रसायनशास्त्र जाणणाऱ्या वाचकांनी कारण सुचवावे, अशी विनंती केली.

पुढे त्यांनी हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरून सर्वच नायट्रोजन अमोनियातून मिळवला. तेव्हा फरक कमी होण्याऐवजी वाढला व सुमारे दोनशेत एक भाग झाला. १८९४ च्या निबंधात त्यांनी निरनिराळ्या रीतींचे आकडे शेजारी शेजारी मांडले. एकाच काचगोलात मावणाऱ्या नायट्रोजनचे वजन असे होते :

हवेतून, तीन रीतींनी : २.३१०३, २.३१००, २.३१०२ ग्रॅम.
संयुगांतून, तीन रीतींनी : २.३००१, २.२९९०, २.२९८७ ग्रॅम.

आता जरा थांबून हे आकडे ताडून पाहा. पहिल्या ओळीतील आकड्यांत आपापसांत जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅमचा फरक आहे. दुसऱ्या ओळीत १.४ मिलिग्रॅमचा. पण दोन ओळींमधला फरक दहा मिलिग्रॅमच्या आसपास आहे. वजन करण्यातील चुकीने एवढा फरक पडणार नाही, हे कोष्टकच सांगते. हवेतील नायट्रोजनमध्ये एक जड, अज्ञात वायू मिसळलेला होता. रॅले व विल्यम रॅमझे यांनी तो वेगळा केला, तोच अरगॉन. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅमझे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निबंधाचे भाग

या हकीकतीवरून निबंधाचा प्रत्येक भाग कशासाठी असतो ते ध्यानात येईल.

शीर्षकावरून विषय नेमका कळावा. गोषवाऱ्यात प्रश्न, रीत व उत्तर थोडक्यात यावे. तो आरंभी छापतात, पण बहुधा शेवटी लिहितात. प्रस्तावनेत आधी कोणी काय केले व कोणता प्रश्न उरला ते सांगतात.

कृतीत वायू कशावरून नेला, कसा कोरडा केला, कशात तोलला हे सारे यावे. 'योग्य ती काळजी घेतली' एवढ्याने वाचकाला काहीच कळत नाही. निरीक्षणांत आकडे, त्यांची एकके व संभाव्य त्रुटी हवी. गैरसोयीचे आकडे गाळता येत नाहीत. गाळले असते तर अरगॉन तेव्हा हाती लागला नसता!

चर्चेत निष्कर्षाला दुसरे कारण संभवते का, हे लेखकाने स्वतःच तपासायचे असते. संयुगातून मिळालेल्या नायट्रोजनमध्ये हलका हायड्रोजन राहिला असेल काय, अशी शंका रॅले यांनी घेतली. मग त्यांनी मुद्दाम हायड्रोजन मिसळून तो शुद्धीकरणात निघून जातो, हे पडताळले.

शेवटी संदर्भसूची. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ साली विजेच्या ठिणग्यांनी हवेतील नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग घडवला होता. तेव्हा एक लहानसा बुडबुडा शिल्लक राहिला. तो मूळ नायट्रोजनच्या १/१२० भागाहून अधिक नसावा, असे त्यांनी निबंधात लिहून ठेवले. शंभराहून अधिक वर्षांनी ते वाक्य रॅले व रॅमझे यांच्या उपयोगी पडले.

पाठवणी आणि परीक्षण

निबंध तयार झाला की विषयाला साजेशी पत्रिका निवडून लेखकांसाठी दिलेल्या तिच्या सूचना वाचाव्यात. सर्व सहलेखकांची संमती घ्यावी. एकच निबंध एका वेळी दोन पत्रिकांकडे पाठवू नये. संपादक तो त्या विषयातील तज्ज्ञांकडे, म्हणजे परीक्षकांकडे धाडतात. परीक्षक शंका विचारतात, दुरुस्त्या सुचवतात. निबंध स्वीकारावा की नाकारावा ते संपादक ठरवतात.

परीक्षणाचा राग थोरांनाही येतो. १९३६ साली आइन्स्टाइन व नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय तरंग नसतात असे सुचवणारा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. परीक्षकाने त्यात दोष दाखवला. निबंध दुसऱ्याला दाखवल्याबद्दल रागावून आइन्स्टाइन यांनी तो परत घेतला. पुढे दोष खरा ठरला आणि १९३७ साली निबंध बदललेल्या निष्कर्षासह अन्यत्र प्रसिद्ध झाला. गुरुत्वीय तरंग २०१५ साली प्रत्यक्ष नोंदले गेले.

तुमच्यासाठी स्वाध्याय

साध्या लंबकाचा प्रयोग करा व तो दोन पानांत लिहा. दोरीची लांबी कोठून कोठपर्यंत मोजली, किती आंदोलने मोजली, घड्याळ किती अचूक होते, सारे लिहा. मग ती पाने दुसऱ्या वर्गातील मित्राला द्या आणि तोंडाने काहीही न सांगता त्याला प्रयोग करू द्या. तो जेथे अडेल तेथे तुमच्या लेखनात काय राहिले ते पाहा, ती जागा दुरुस्त करा आणि पाने पुन्हा त्याच्या हाती द्या.