दख्खनच्या सुलतानशाह्या : कारभार, वास्तू आणि मराठी गद्य

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात चौदाव्या शतकाच्या मध्यापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा कालखंड बहुधा संतकाव्याच्या आधारे सांगितला जातो. महानुभावांचे गद्य आणि शिवकालीन पत्रे यांच्या दरम्यान मराठी गद्याला जणू ओहोटी लागली होती, असा समज त्यातून दृढ झाला आहे. परंतु याच तीनशे वर्षांत बहमनी राज्य आणि त्याच्या विघटनातून निर्माण झालेल्या निजामशाही, आदिलशाही, इमादशाही, बरीदशाही व कुतुबशाही या राज्यांचा कारभार दख्खनमध्ये चालू होता. त्या कारभाराला लागणारा कागद गावोगाव लिहिला जात होता, आणि मराठी मुलखात त्याचा मोठा भाग मराठीत, मोडी लिपीत लिहिला जात होता. हा कागद वाङ्मयेतिहासाच्या कक्षेत आणावयाचा की त्याबाहेर ठेवावयाचा, या प्रश्नावर मराठी गद्याच्या उगमविकासाचे चित्र अवलंबून आहे. त्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी या सुलतानशाह्यांचा कारभार व त्यांच्या वास्तू यांचा एकत्रित परामर्श घेणे उपयुक्त ठरेल.

१. बहमनी राज्याची घडी

दिल्लीच्या तुघलक सत्तेविरुद्ध बंड करून दख्खनच्या अमिरांनी इ. स. १३४७ मध्ये दौलताबाद येथे अलाउद्दीन हसन बहमनशहा यास गादीवर बसविले. राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे नेण्यात आली आणि पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली याच्या कारकिर्दीत ती बीदरला हलविण्यात आली. राज्याचे गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि तेलंगण-बीदर असे चार मोठे विभाग असून त्यांना ‘तरफ’ म्हणत. तरफदाराच्या हाती महसूल, सैन्य आणि किल्ले अशा तिन्ही गोष्टी असल्यामुळे तो प्रबळ झाला की सुलतानाला डोईजड होई.

ही उणीव ओळखून वजीर महमूद गावान याने पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चार तरफांचे आठ भाग केले. प्रत्येक तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवून उरलेल्या किल्ल्यांवर मध्यवर्ती सत्तेने आपले किल्लेदार नेमावेत, काही परगणे थेट सरकारी खालशात घ्यावेत आणि जमिनीची मोजणी करून महसूल ठरवावा, अशी त्याची योजना होती. दख्खनी आणि परदेशी, म्हणजे ‘आफाकी’, या दोन सरदारपक्षांच्या वैरात त्याचा बळी गेला. बनावट पत्राच्या आधारे त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवून इ. स. १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद करण्यात आला. पुढील काही दशकांत तरफांचीच स्वतंत्र राज्ये झाली.

गावानने बीदर येथे इ. स. १४७२ मध्ये बांधलेला मदरसा त्याच्या धोरणाची दुसरी बाजू दाखवितो. मध्यभागी चौक, चारी बाजूंना तीन मजली खोल्या आणि दर्शनी भागावर रंगीत चकाकत्या फरशांचे नक्षीकाम ही रचना थेट इराणी परंपरेतली आहे. तिच्याशी तुलना केल्यास गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील १३६७ ची जामा मशीद निराळी भासते. नेहमीचे उघडे प्रांगण तेथे नाही. सारी वास्तू घुमटांनी आच्छादलेली असून कडेच्या दालनांना रुंद व बुटक्या कमानी आहेत. बाहेरून आलेल्या कल्पना स्वीकारणे आणि त्यांना येथले वळण देणे, या दोन्ही प्रवृत्ती बहमनी वास्तूंत अशा शेजारी शेजारी दिसतात. त्याच प्रवृत्ती कारभारातही आढळतात.

२. दप्तराची भाषा

दरबाराची भाषा फारसी होती; परंतु दरबार आणि शेत यांच्यामध्ये असलेल्या कारभाराच्या पायऱ्या फारसीने भरून निघणाऱ्या नव्हत्या. परगण्याला देशमुख व देशपांडे, गावाला पाटील व कुलकर्णी हे वतनदार वंशपरंपरेने काम पाहत. सुलतानाने नेमलेला हवालदार बदलत असे, मुकासा एका सरदाराकडून दुसऱ्याकडे जाई, प्रसंगी राज्यही बदले. वतनदार मात्र जागच्या जागी राही. जमिनीची प्रत, पिकाचा अंदाज, बलुतेदारांचे हक्क, जुन्या इनामांच्या सीमा ही सारी माहिती त्याच्या दप्तरात असे आणि ते दप्तर मराठीत असे. त्यामुळे नव्या सत्ताधीशाला महसूल हवा असल्यास त्या दप्तराशी जुळवून घेणे भाग होते.

या वस्तुस्थितीला राजमान्यता देणारा निर्णय विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत (१५३४–१५५८) झाला. त्याने परदेशी सरदारांना मोठ्या संख्येने दूर करून दख्खन्यांना जवळ केले, आणि हिशेब फारसीऐवजी ‘हिंदवी’त ठेवण्याची आज्ञा देऊन ते काम ब्राह्मणांकडे सोपविले, असे फेरिश्त्याने नमूद केले आहे. येथे ‘हिंदवी’ या शब्दाचा अर्थ सावधपणे घेतला पाहिजे. फारसी लेखक देशी भाषांना सरसकट हे नाव देत. म्हणून या विधानावरून केवळ मराठीच राजभाषा झाली असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. आदिलशाही मराठी आणि कानडी अशा दोन्ही मुलखांवर पसरली होती. ज्या प्रांताची जी लेखनभाषा होती तिला दप्तरात अधिकृत स्थान मिळाले, असा अर्थ अधिक सुसंगत ठरतो. वर फारसी व खाली मोडी मराठी मजकूर असलेली द्वैभाषिक फर्माने याच व्यवस्थेची साक्ष देतात. कुतुबशाहीत फारसीच्या जोडीला तेलुगू आढळते, हा पुरावाही याच दिशेने जातो.

या मराठी कागदांची चौकट फारसी असे. प्रारंभीचे ‘अज रख्तखाने’, मजकुराकडे वळताना येणारे ‘बिदानंद’, अखेरचे ‘मोर्तब सुद’ हे सारे फारसी संकेत होत. मूळ पत्राला ‘असल’ व नकलेला ‘तालीक’ म्हणत, आणि नक्कल दप्तरी ठेवून असल वतनदारास परत देण्याची रीत होती. कालनिर्देशही मिश्र पद्धतीचा होता. दख्खनमध्ये रूढ झालेला सुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहीत; मात्र त्याचे वर्ष सूर्याच्या मृगप्रवेशाला सुरू होई, म्हणून त्याला ‘मृगसाल’ हेही नाव पडले. उदाहरणार्थ, ‘सन इहिदे सबैन अलफ’ म्हणजे एक, सत्तर आणि हजार, अर्थात १०७१. त्यात ५९९ मिळविले की १६७० च्या जूनपासून सुरू होणारे वर्ष येते. हिजरी चांद्रवर्ष ऋतूंशी जुळत नाही आणि सारा तर पिकावर घ्यावयाचा, या अडचणीतून हा तोडगा निघाला. आकडा अरबी आणि आरंभ कुणब्याच्या पेरणीचा, अशी ही कालगणना त्या कारभाराचे स्वरूप नेमके व्यक्त करते.

३. वास्तू आणि पाणी

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने इ. स. १४९४ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसविले. त्याचा पिता निजाम-उल्-मुल्क हसन हा मूळचा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातला होता, अशी परंपरा फेरिश्त्याने नोंदविली आहे. या शहराचे वैशिष्ट्य म्हणजे पर्जन्यछायेच्या प्रदेशात खापरी नळांनी दूरवरून आणलेले पाणी. १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबाग हा महाल एका मोठ्या तलावाच्या मध्यभागी उभा आहे. त्याच्या भोवतीचे पाणी शोभेसाठी होते आणि उष्णतेच्या निवारणासाठीही होते.

नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांधलेला बंधारा याहून विलक्षण आहे. बंधाऱ्याच्या पोटातच दालने काढली असून त्यांना ‘पाणीमहाल’ म्हणतात. पुराचे पाणी डोक्यावरून कोसळत असताना आत कोरडे राहता येते. संरक्षण, जलसंचय आणि विलास ही तिन्ही प्रयोजने येथे एका भिंतीत साधली आहेत. विजापूरचा गोलघुमट त्या शतकातील बांधकामशास्त्राचे शिखर मानला जातो. मुहम्मद आदिलशहाच्या (मृ. १६५६) या कबरवास्तूत सुमारे ४१ मीटर बाजूच्या चौरस दालनावर सुमारे ४४ मीटर बाह्य व्यासाचा घुमट उभा आहे, आणि चौरसापासून वर्तुळाकडे जाण्याचे काम परस्परांना छेदणाऱ्या आठ कमानींनी केले आहे.

प्रशासन आणि जलवास्तू यांची सांगड सर्वांत स्पष्टपणे मलिक अंबराच्या कार्यात दिसते. हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेल्या या मुत्सद्द्याने १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावरही १६२६ पर्यंत निजामशाही उभी ठेवली. त्याने जमिनीची प्रतवारी करून प्रत्यक्ष पिकाच्या आधारे सारा ठरविला. ग्रँट डफच्या म्हणण्यानुसार प्रथम उत्पन्नाचा दोन-पंचमांश भाग धान्यरूपाने घेतला जाई आणि पुढे त्याऐवजी सुमारे एक-तृतीयांशाइतकी रोख रक्कम ठरविण्यात आली. ही पद्धत गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना हाताशी धरल्यावाचून चालणे शक्य नव्हते. १६१० मध्ये त्याने वसविलेल्या खडकी शहराला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ‘नहर-ए-अंबरी’ या भूमिगत कालव्याने पाणी पुरविले. जमिनीची मोजणी आणि जमिनीखालच्या पाण्याचा उतार ही दोन्ही कामे मोजमापाचीच होत.

या वास्तूंनी मराठी भाषेला दिलेले शब्द आज परके वाटत नाहीत. कमान, घुमट, मनोरा, बुरूज, खंदक, हौद, दालन, दिवाणखाना हे शब्द मराठी घराचे आणि गडाचे अविभाज्य घटक झाले. वेरूळ येथील मालोजी भोसले यांची समाधी घुमटाची असून तिची बांधणी निजामशाही कबरींशी मिळतीजुळती आहे. सरदाराने ज्या दरबारी चाकरी केली त्या दरबाराची वास्तुभाषा त्याच्या स्मारकानेही स्वीकारली.

४. कागदातून वाङ्मयाकडे

वतनाच्या तंट्यात गोतसभा अथवा मजलस बसे. सरकारी अधिकारी, काझी, देशमुख-देशपांडे आणि गावचे बारा बलुते यांच्यासमोर वादी-प्रतिवादी आपापली हकीकत सांगत, साक्षी होत आणि निवाडा ‘महजर’ म्हणून लिहिला जाई. लिहिता न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी काढीत. या महजरांत आणि वादाची पूर्वपीठिका सांगणाऱ्या ‘करीन्यां’त दुष्काळ, परागंदा झालेली कुटुंबे, भाऊबंदकी, खून यांचे वृत्तान्त क्रमवार आणि कित्येकदा बोलणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांत येतात. लौकिक जीवनाचे कथन करणारे मराठी गद्य येथे घडत होते. पुढील काळातल्या बखरींची निवेदनपद्धती या सवयीवाचून समजत नाही. ‘बखर’ हा शब्दच ‘खबर’वरून आला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

संतवाङ्मयही या दप्तरापासून अलिप्त नव्हते. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या, म्हणजेच दौलताबादच्या, किल्ल्यावर अधिकारी होते. एकनाथांच्या भारुडांत ‘अर्जदस्त’, ‘अभयपत्र’, ‘ताकीदपत्र’ हे कचेरीतील लेखनप्रकार आध्यात्मिक रूपक म्हणून वापरले आहेत. श्रोत्यांना अर्जाची भाषा व तिच्यातली लाचारी अनुभवाने ठाऊक असल्यामुळेच ते रूपक त्यांच्या अंतःकरणाला भिडले असले पाहिजे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याहून बोलकी आहे. बीदरच्या सुलतानाच्या या कारकुनाने दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांना खुली केली, आणि विठ्ठलाने महाराच्या वेशात दरबारी जाऊन त्या धान्याची रक्कम भरून पावती घेतली, असे ती सांगते. भक्तीच्या या आख्यानात देवालाही हिशेब चुकता करून पावती घ्यावी लागते, हा तपशील ज्या समाजाने रचला त्याच्या मनावर महसुली कागदाचे वजन किती होते, हे उघड आहे.

शिवकालात भाषेविषयीचे धोरण जाणीवपूर्वक बदलले. रघुनाथ पंडितांच्या नावे असलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त सुमारे १,३८० फारसी-दख्खनी राज्यव्यवहारातील शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचविलेले आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १६२८, १६७७ व १७२८ या वर्षांच्या निवडक पत्रांची तुलना करून मराठी शब्दांचे प्रमाण अनुक्रमे १४.४, ६२.७ व ९३.७ टक्के असल्याचे दाखविले. ही गणना दिशा दाखविण्यापुरती ग्राह्य आहे. पत्राचा प्रकार बदलला की प्रमाण बदलते, कारण फारसी शब्दांची गर्दी मायन्यात आणि अधिकारवाचक संज्ञांत अधिक असते. शिवाय शब्दांची मोजणी वाक्याविषयी काहीच सांगत नाही. १६२८ च्या पत्रातही नामांना लागणारे प्रत्यय, क्रियापदे आणि वाक्याची जडणघडण मराठीच आहे. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, मुजुमदार ही पदे पेशवाईतही टिकली आणि आज ती आडनावे म्हणून नांदत आहेत.

यावरून असे दिसते की शिवकालाला कारभाराची मराठी नव्याने निर्माण करावी लागली नाही. हिशेब, आज्ञा, साक्ष, निवाडा आणि तह यांसाठी वापरून मुरलेले गद्य तिला सुलतानशाहीच्या दप्तरांतून तयार मिळाले. तिने त्याची संज्ञाव्यवस्था बदलली आणि त्याला नवे राजकीय प्रयोजन दिले. राजवाडे, खरे, सरदेसाई यांच्या पिढ्यांनी हे कागद राजकीय इतिहासाची साधने म्हणून प्रकाशित केले. वाङ्मयाच्या अभ्यासकाने ते निवेदन, वाक्यरचना आणि लेखनप्रकार या दृष्टींनी पुन्हा वाचणे अगत्याचे आहे. घुमट आणि बुरूज दगडाचे असल्याने त्यांची दखल घेतली गेली. ज्या कारकुनांच्या लेखणीने त्या राज्यांचा गाडा चालविला, त्यांचे मोडी रुमाल मात्र कसर आणि ओल यांच्या तावडीत आहेत, आणि मोडी वाचणाऱ्यांची संख्या थोडी आहे. मराठी गद्याच्या तीन शतकांचा इतिहास त्या रुमालांच्या वाचनावर अवलंबून आहे.