आयसेनहॉवर डॉलर चांदीचा कसा ओळखावा?

प्रश्न : माझ्या आत्याने अमेरिकेहून १९७४चा मोठा डॉलर दिला. एका बाजूला सेनापती आयसेनहॉवर, दुसरीकडे चंद्रावर उतरणारा गरुड. ‘एस’ हे अक्षरही आहे. नाणे चांदीचे असेल का? काळे पडले आहे, चिंचेने घासू का?

उत्तर : कृपया घासू नका! घासल्याने मूळ झळाळी कायमची जाते आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमतही घटते.

१९४४मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीचे नेतृत्व करणाऱ्या आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या आयसेनहॉवर यांच्या स्मरणार्थ हा डॉलर १९७१पासून निघाला. व्यवहारातली नाणी तांबे-निकेलची होती. संग्राहकांसाठी ४० टक्के चांदीची नाणी सॅन फ्रान्सिस्कोत पाडली गेली. ‘एस’ ही त्याच टांकसाळीची खूण. मात्र १९७४मध्ये तिथे तांबे-निकेलचीही संग्राह्य नाणी निघाली, म्हणून केवळ अक्षरावर विसंबू नका.

खरी परीक्षा वजनाची. ओळखीच्या सराफाकडे नाणे काट्यावर ठेवा. चांदीचे नाणे २४.५९ ग्रॅम भरते, दुसरे २२.६८ ग्रॅम. व्यास दोन्हींचा ३८.१ मिलिमीटरच. कडेवर तांब्याची ठळक लालसर रेघ दिसली, तर ते चांदीचे नाही.

चांदीच्या नाण्यात सुमारे ९.८ ग्रॅम शुद्ध चांदी असते. मूळ निळे पाकीट किंवा तपकिरी खोका आत्याकडे असेल तर अवश्य मागून घ्या. नाणे नेहमी कडेने धरा आणि कोरड्या जागी जपा. आत्याची ही भेट पुढच्या पिढीलाही पाहता यावी.