समुपदेशक काय करितो?

दोन वर्षांपूर्वी लोहगडवाडीचा एक मुलगा आमच्या दहावीच्या वर्गात होता. (त्याच्या अनुमतीनेच ही हकीकत लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सुटीच्या दिवशी लोहगड पाहावयास येणाऱ्या मंडळींना त्याच्या घरी पिठले-भाकरी मिळे, आणि ताटे वाढण्याचे काम त्याच्याकडे असे. इतर दिवशी तो भाजे गावावरून मळवली स्टेशनास उतरे व गाडीने शाळेत येई.

दिवाळीनंतर तो गणिताच्या तासाला दिसेनासा झाला. विचारले तेव्हा म्हणाला, “सर, पुस्तक उघडलं की हातपाय कापतात.” मी त्याची पाठ थोपटून, “घाबरू नकोस, मन लावून अभ्यास कर,” असे सांगितले. तो “हो सर” म्हणाला आणि पुढे आठ दिवस शाळेतच आला नाही. वीस वर्षे अध्यापन केलेल्या मनुष्यास एवढे तरी कळावयास हवे होते की, “घाबरू नकोस” हे वाक्य घाबरलेल्याने स्वतःस शंभर वेळा सांगून झालेले असते.

मग त्याला एका समुपदेशिका बाईंकडे नेले. समुपदेशक या शब्दात उपदेश आहे खरा. परंतु पहिल्या भेटीत बाईंनी उपदेशाचे अक्षरही उच्चारिले नाही. येथे बोललेले येथेच राहील, जिवास धोका दिसला तरच घरी सांगावे लागेल, एवढे स्पष्ट करून त्या ऐकत राहिल्या.

दुसऱ्या भेटीत त्यांनी कागदावर तीन रकाने आखून दिले: घडले काय, मनात आले काय, परिणाम काय झाला. पहिल्यात मुलाने लिहिले, “सरांनी फळ्याजवळ बोलावले.” तिसऱ्यात, “छाती धडधडली, वर्गाबाहेर पळालो.” मधला रकाना बराच वेळ कोरा होता. अखेर त्यात एक ओळ उतरली: “नापास झालो तर सगळे संपले.”

हा मधला रकाना फार महत्त्वाचा आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा पायाच हा की, प्रसंग आणि चिंता यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते, व ती तपासता येते. आपल्याकडे मुंबईचे प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धती रुजविली. बाईंनी मुलास “तू पास होशील” असा धीर दिला नाही. तसे कोणास ठाऊक होते? त्यांनी विचारले, “नापास झालास तर नेमके काय काय होईल?” वडील रागावतील, मित्र पुढे जातील, काही आठवड्यांनी पुरवणी परीक्षा द्यावी लागेल. वाईट वाटेल हे खरे निघाले; सगळे संपेल हे खोटे.

भीतीचा दुसरा गुण असा की, तिच्यापासून पळाले म्हणजे क्षणभर बरे वाटते आणि त्याच सुखाने ती वाढते. स्वतः एलिस यांना तरुणपणी सभेत बोलण्याचे विलक्षण भय होते. ते त्यांनी मुद्दाम वारंवार भाषणे करून घालविले. आमच्या मुलाने प्रथम जागेवर बसून रोज एक गणित सोडविले, मग फळ्यावर एक.

परंतु भाकरीचा प्रश्न समजूत तपासून सुटत नाही. वडिलांना बोलावले, तेव्हा ते बिचारे हळूच विचारते झाले, “बाई, पोराला येड लागलं का?” तसे काही नाही, हे त्यांना दोनदा सांगावे लागले. मग सुटीच्या दिवशी सकाळी दहापर्यंत मुलगा पुस्तक घेऊन बसेल आणि ताटे चुलतभाऊ वाढील, असे ठरले. पालकहो, मला विचाराल तर निम्मा गुण या व्यवस्थेचा होता.

असे साहाय्य करावयास डॉक्टरच लागतो असे नाही. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने साध्या स्थानिक माणसांस शिकवून आरोग्यकेंद्रांत समुपदेशनास बसविले. तीव्र औदासीन्याने ग्रासलेल्यांना त्यांच्या सहा ते आठ भेटींनी, नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक उतार पडल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. मात्र समुपदेशक औषध देत नाही. झोप व अन्न आठवडेच्या आठवडे सुटले, किंवा जीव नकोसा झाला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडेच गेले पाहिजे. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. स्वतःसाठी नसला तरी शेजारच्या बाकासाठी.

तो मुलगा गणितात काठावर उत्तीर्ण झाला. आता बारावीत आहे. फळ्यापुढे उभे राहताना छाती अजूनही धडधडते, असे परवाच सांगत होता.