उतारावरची गवतकापणी आणि डिझेलचा हिशेब

जबलपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटर उंचीवर आहे, पण त्याला पठारी सपाटपणा मात्र लाभलेला नाही. मदनमहालच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या वस्तीला अगदी भिडलेल्या आहेत. भेडाघाटला नर्मदेने संगमरवर कापून वाट काढली आहे. या दोहोंमधील जमीन सारखी चढत-उतरत राहते. १९०४ मध्ये सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी आणि लष्करी छावणीचा विस्तीर्ण परिसर अशाच भूमीवर पसरलेला आहे. पावसाळा संपत येतो तेव्हा या मोकळ्या जमिनींवर कमरेइतके गवत माजलेले असते. ऑक्टोबरात ते हिरवट असताना कापले तर गुरांचा चारा होतो. न कापता तसेच ठेवले तर मार्च-एप्रिलमध्ये ते वाळून एखाद्या ठिणगीचे भक्ष्य ठरते. जेथे कोठारे, रोपवने वा वस्ती जवळ आहे, तेथे ही कापणी सौंदर्यासाठी नव्हे, सुरक्षिततेसाठी करावी लागते.

पूर्वी हे काम विळ्याने होत असे आणि अवघड जागी ते आजही विळ्यानेच होते. मोठ्या क्षेत्रावर मात्र आता लहान ट्रॅक्टर वापरण्यात येतो. पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा हा ट्रॅक्टर महाराष्ट्रातील वाचकांना द्राक्षबागांमुळे परिचित आहे. वेलींच्या दोन ओळींमधून सहज जाईल एवढीच त्याची रुंदी असते. त्याच्या मागे स्लॅशर, म्हणजे आडव्या पात्यांचे गवत कापण्याचे यंत्र जोडतात आणि इंजिनाची शक्ती पी.टी.ओ. दंडामार्फत पात्यांना पुरवितात. अशा यंत्राला चढ-उताराच्या जमिनीवर सपाट जमिनीपेक्षा किती अधिक डिझेल लागते, आणि ते अधिकचे डिझेल नेमके कोठे खर्ची पडते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

येथे भाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते. जबलपूरचे चालक उतरत्या जमिनीला ‘ढाल’ म्हणतात. मराठी वाचकाला त्या शब्दाने तलवारीची सोबतीण आठवेल, म्हणून मी तो टाळला आहे. पण मराठीत ‘उतार’ म्हटले की वरून खाली जाणेच डोळ्यांसमोर येते. तीच जमीन खालून पाहिली की तिचा ‘चढ’ होतो. भाषांतरकाराला ही अडचण वाटते खरी, पण इंधनाच्या हिशेबाला ती उपकारकच आहे. कारण एकाच जमिनीची ही दोन नावे म्हणजे वस्तुतः हिशेबाच्या वहीतील खर्चाची आणि जमेची बाजू होत.

प्रथम एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. चालकाला विचारले तर तो ताशी किती लिटर डिझेल जळते ते सांगतो. परंतु कापावयाचे असतात एकर, तास नव्हेत. ताशी दोन लिटर जाळून अर्धा एकर कापणारा चालक हा ताशी अडीच लिटर जाळून पाऊण एकर कापणाऱ्यापेक्षा अधिक खर्चिक असतो. म्हणून पुढील सर्व विवेचन एकरी लिटरांत केले आहे.

आता एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे कोणत्याही विशिष्ट यंत्राचे नाहीत, समजण्यास सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. ट्रॅक्टर, स्लॅशर आणि चालक मिळून वजन ११०० किलो, वेग सेकंदाला एक मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर, आणि प्रत्यक्ष कापला जाणारा पट्टा १.१ मीटर रुंद. दाट गवतात पाती फिरविण्यास ५ किलोवॅट शक्ती लागते असे समजू. गवताळ जमिनीवर नुसती चाके पुढे ढकलण्यास सुमारे ०.८६ किलोवॅट लागतील. गियरपेटीतील व्यय धरता इंजिनावर त्याचा भार जवळजवळ १ किलोवॅट होतो. सपाट जमिनीवर इंजिनाला अशा प्रकारे एकूण ६ किलोवॅट द्यावे लागतात.

हाच ट्रॅक्टर दहास एक अशा चढावर, म्हणजे दहा मीटर अंतर जाताना एक मीटर वर नेणाऱ्या जमिनीवर, घेऊन गेल्यास गुरुत्वाकर्षणाविरुद्ध आणखी १.१ किलोवॅट खर्च होतात. गियरपेटीचा व्यय मिळवून इंजिनावरील भार सुमारे ७.३ किलोवॅट होतो. वर पोहोचल्यावर वळून तोच ट्रॅक्टर खाली येऊ लागला की तेच वजन त्याला पुढे ओढते. चाकांचा अडथळा त्या ओढीनेच भागतो, इतकेच नव्हे, तर थोडी शक्ती चाकांकडून उलट गियरपेटीमार्गे पात्यांनाही मिळते. इंजिनावरचा भार ४.८ किलोवॅटच्या आसपास उतरतो. या दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढली तर ती ६ किलोवॅटपेक्षा किंचितच अधिक भरते.

हा निष्कर्ष पुष्कळांना पटत नाही. चढावर इंजिनाचा आवाज जड होतो, धूर दिसतो, आणि सारे डिझेल तेथेच गेले अशी मनाची समजूत होते. उतरताना जे परत मिळते ते आवाज करीत नाही, म्हणून ते कोणी मोजत नाही.

मग उताराच्या जमिनीवर टाकी लवकर रिकामी होते ती का? याचे उत्तर वेळेत आहे. आपल्या उदाहरणातील ट्रॅक्टर अखंड कापीत राहिला तर तासाला ३९६० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर कापील. परंतु टोकाला वळणे, दगड चुकविणे, स्लॅशर उचलणे, मागे येणे यांत वेळ जातो. सपाट, मोकळ्या जमिनीवर शंभरातील ऐंशी मिनिटे कापण्यात जातात असे धरू. खडकाळ उतारावर साठच मिनिटे जातील. कारण प्रत्येक वळण सावकाश घ्यावे लागते आणि पट्टे आखूड असतात. न कापण्याच्या त्या वेळातही इंजिन वेगातच फिरत असते. अर्ध्या भारावर हे इंजिन ताशी २.४ लिटर आणि रिकाम्या फेऱ्यांत ताशी १.५ लिटर डिझेल घेते असे मानल्यास सपाट जमिनीवर एकरी सुमारे २.८ लिटर आणि उतारावर ३.५ लिटर खर्च येतो. त्यातच आडव्या उतारावर ट्रॅक्टर खालच्या अंगाला घसरतो. मधे गवताची शेंडी राहू नये म्हणून चालक आधीच्या पट्ट्यावर वीतभर अधिक चढवून चालवितो. पट्टा १.१ मीटरऐवजी ०.९ मीटरच कापला गेला की खर्च एकरी सव्वाचार लिटरपर्यंत जातो. म्हणजे खर्च दीडपट झाला, आणि त्या वाढीत प्रत्यक्ष चढण्याचा वाटा नगण्य आहे.

या हिशेबाचे महत्त्व केवळ पैशांपुरते नाही. ट्रॅक्टर आडवा चालवावा की उभा, हा वाद जुना आहे. आडवा चालविल्यास इंजिनावरील भार एकसारखा राहतो, म्हणून डिझेल वाचते, असे सांगितले जाते. नांगरणीत समतल रेषेवर चालणे मातीच्या धुपीसाठी हितकर असते, त्यामुळे हा सल्ला अधिकच पटतो. पण गवत कापताना माती उघडी पडत नाही, आणि अरुंद चाकोरीचा ट्रॅक्टर आडव्या उतारावर एखाद्या लपलेल्या दगडावर वरचे चाक चढताच कलंडू शकतो. वर दाखविल्याप्रमाणे उभ्या फेऱ्यांत चढाचा खर्च उतार बहुतांशी फेडून देतो. तेव्हा डिझेलची सबब सांगून चालकाचा जीव आडव्या उतारावर धोक्यात घालण्यास काही आधार उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत उताराची जी मर्यादा दिलेली असते ती पाळावी. ट्रॅक्टर मागे घेत ज्या चढावर चढता येत नाही, तेथे तो नेऊच नये. ती जागा विळ्याची किंवा खांद्यावरच्या ब्रश कटरची समजावी. चालकाच्या मागची संरक्षक कमान आणि कमरेचा पट्टा यांचा उपयोग दोन्ही मिळूनच होतो. पट्टा न बांधल्यास उलटणाऱ्या ट्रॅक्टरातून बाहेर फेकलेला चालक त्या कमानीखालीच सापडतो.

दुसरी सबब याहून घातक आहे. उतारावर गियर काढून, म्हणजे न्यूट्रलमध्ये, गाडी सोडली की डिझेल वाचते असे मालवाहू ट्रकांपासून ट्रॅक्टरांपर्यंत सर्वत्र मानले जाते. डिझेल इंजिनाची रचना पाहिली तर यात तथ्य नाही. ट्रॅक्टर गियरमध्ये असताना चाकेच इंजिनाला फिरवू लागली आणि त्याचा वेग ठरलेल्या वेगापेक्षा वाढला की गव्हर्नर इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी डिझेल घेतच राहते. म्हणजे वाचते ते काहीच नाही, आणि जाते ती इंजिनाची रोधशक्ती. मागच्या दोन चाकांनी चालणाऱ्या ट्रॅक्टरात धोका आणखी वाढतो. उतरताना वजन पुढच्या चाकांकडे सरकते आणि मागच्या चाकांची पकड ढिली होते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरात पुढची चाकेही रोध देतात, म्हणून उतरण्यापूर्वी ती जोडणी चालू करून घ्यावी.

मग खरी बचत कोठे होते? पहिली गोष्ट पात्यांची धार. बोथट पाते गवत कापत नाही, झोडपते, आणि त्याची किंमत इंजिन मोजते. जबलपूरच्या बाजूला घाणेरीची जाड खोडे आणि ग्रॅनाइटचे तुकडे यांनी धार लवकर जाते. दुसरी गोष्ट कापण्याची उंची. जमिनीला घासून कापण्याच्या हौसेने भार वाढतो, पाती मातीत जातात आणि पुढच्या हंगामाच्या गवताचेही नुकसान होते. वीतभरापेक्षा थोडे कमी खुंट राहू द्यावेत. दव वाळल्यावर कामाला लागावे. ओल्या काळ्या मातीवर चाके घसरतात, आणि चाकांची घसरण शंभरास पंधरा झाली की चाकांना दिलेल्या शक्तीचा तेवढाच भाग वाया जातो.

‘वरचा गियर टाका आणि थ्रॉटल कमी करा’ हा वाहतुकीत उपयोगी असलेला नियम येथे जपून वापरावा लागतो. पी.टी.ओ. दंड मिनिटाला ५४० फेरे फिरला पाहिजे, आणि बहुतेक यंत्रांत ते इंजिनाच्या जवळजवळ पूर्ण वेगावरच साधते. थ्रॉटल कमी केला की पात्यांच्या टोकांचा वेग उतरतो आणि गवत तुटण्याऐवजी वाकते. मग त्याच पट्ट्यावर पुन्हा जावे लागते. काही ट्रॅक्टरांत इंजिनाच्या कमी वेगावर ५४० फेरे देणारी काटकसरीची दुसरी जोडणी असते. विरळ गवतात, सौम्य जमिनीवर ती चांगली. दाट गवताच्या चढावर मात्र इंजिनाकडे राखीव जोर उरत नाही. तेथे नेहमीची जोडणी आणि खालचा गियर हेच योग्य. उंचीमुळे होणारी शक्तीची घट जबलपुरात फारशी जाणवत नाही. टर्बोचार्जर नसलेले इंजिन शंभर मीटरमागे अदमासे एक टक्का शक्ती गमावते. पचमढीसारख्या हजार मीटरवरच्या ठिकाणी मात्र ती लक्षात घ्यावी लागते.

यंत्र खरेदी करणाऱ्या संस्थेने जाहिरातीतील अश्वशक्तीवर विसंबू नये. जबलपूरहून नर्मदेच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यास होशंगाबादसमोर, म्हणजे आजच्या नर्मदापुरमसमोर, बुधनी हे गाव लागते. तेथे १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. पुढे त्याचीच केंद्रीय प्रशिक्षण व चाचणी संस्था झाली. अमेरिकेत नेब्रास्का राज्याने १९१९ च्या कायद्याने ट्रॅक्टरांची जी चाचणी सक्तीची केली, त्याच जातीचे हे काम होय. बुधनीच्या अहवालात पी.टी.ओ. दंडावर मिळणारी शक्ती आणि किलोवॅट-तासामागे किती ग्रॅम डिझेल लागते ते छापलेले असते, आणि तेही निरनिराळ्या भारांवर. गवत कापणाऱ्याने कमाल शक्तीचा आकडा वाचून थांबू नये. त्याचा ट्रॅक्टर दिवसाचा बराचसा वेळ अर्ध्या भारावर चालणार असतो, म्हणून अर्ध्या भाराची ओळ पाहावी.

आणि स्वतःच्या जमिनीचा आकडा स्वतःच काढावा. त्याला उपकरण लागत नाही. सपाट फरशीची एक जागा ठरवून ट्रॅक्टर तेथे उभा करावा आणि टाकी काठोकाठ भरावी. काम संपल्यावर त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून तो पुन्हा उभा करावा आणि मापाने डिझेल ओतून टाकी पूर्वीइतकी भरावी. ओतलेले लिटर, कापलेले एकर, एकूण वेळ आणि त्यातील प्रत्यक्ष कापणीचा वेळ, या चार गोष्टी वहीत मांडाव्यात. टाकी उतारावर भरली तर एखादा लिटर सहज इकडचा तिकडे दिसतो, आणि सगळी मोजणी व्यर्थ जाते.