आईची हरकत : एक अभ्यास

अहवालाच्या या पानांवर आम्ही एरवी एखाद्या आजाराविषयी लिहितो. या वेळी एक प्रसंग निवडला आहे. डॉक्टरांचे निदान, किंवा त्या निदानावरून ठरलेले उपचार, पालकांना पटत नाहीत. ते तसे बोलून दाखवतात. आणि रुग्णालय त्यांचे ऐकते किंवा ऐकत नाही. असा पालक बहुतेक ठिकाणी ‘त्रास देणारा नातेवाईक’ ठरतो. हे शब्द आमच्याही तोंडी आलेले आहेत, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

अभ्यासासाठी घेतलेली घटना लंडनची आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात मार्था नावाची तेरा वर्षांची मुलगी सुट्टीत वेल्समध्ये सायकलवरून पडली. सायकलचा दांडा पोटात बसून स्वादुपिंडास इजा झाली. तिला लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात ठेवण्यात आले. मुलांच्या स्वादुपिंडाच्या दुखापतींसाठी इंग्लंडमध्ये जी मोजकी विशेष केंद्रे आहेत, त्यांपैकी हे एक. म्हणजे ज्ञानाची किंवा साधनांची वाण नव्हती. पुढे जंतुसंसर्ग झाला, ताप हटेना, नळी बसवलेल्या जागेतून रक्त येऊ लागले. ऑगस्टअखेरीस जोडून सुट्ट्या आल्या होत्या. त्या दिवसांत मुलगी सेप्टिक शॉकमध्ये जाईल आणि तेव्हा वरिष्ठ डॉक्टर हजर नसतील, अशी भीती आईने स्पष्ट शब्दांत बोलून दाखवली होती. तिला धीर देण्यात आला. अंगावर पुरळ उठले, ते औषधाची प्रतिक्रिया समजले गेले. ३१ ऑगस्ट रोजी, चौदावा वाढदिवस काही दिवसांवर असताना, मार्था गेली. वेळीच अतिदक्षता विभागात हलवले असते तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी दिला. रुग्णालयाने क्षमा मागितली.

आईला वैद्यकाचे शिक्षण नव्हते. मग तिला जे दिसले ते विभागाला का दिसले नाही? याचे एक कारण मुलांच्या शरीराच्या ठेवणीत आहे. सेप्सिसमध्ये मूल बराच काळ तोल सांभाळून धरते. नाडी आणि श्वास वाढतात, हातपाय गार पडतात, मूल मलूल होते किंवा विनाकारण किरकिर करते. रक्तदाब मात्र फार उशिरा उतरतो, आणि तो उतरतो तेव्हा हाती थोडाच वेळ उरलेला असतो. तक्त्यावरचा रक्तदाबाचा आकडा पाहून निश्चिंत झालेला निवासी डॉक्टर मुलाला त्या दिवशी प्रथमच पाहत असतो. आई त्याला जन्मापासून पाहत आलेली असते. ‘आज हा नेहमीसारखा नाही’ हे तिचे वाक्य आम्ही भावना म्हणून ऐकतो. खरे तर ती एक वैद्यकीय नोंद आहे. मेलबर्नच्या एका बालरुग्णालयातील २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. मुलाची प्रकृती ढासळत असल्याची पालकांची शंका आणि पुढे अतिदक्षतेची गरज, यांचा संबंध नाडी-श्वासाच्या बिघडलेल्या आकड्यांपेक्षाही घट्ट निघाला.

ऑस्ट्रेलियातच, क्वीन्सलँडमध्ये, २००७ साली रायन हा जेमतेम तीन वर्षांचा होऊ घातलेला मुलगा असाच गेला. प्रथम गालगुंड म्हटले गेले. होता तो स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग. त्याच्या नावाने तेथे २०१३ पासून नियम आहे : आधी आपल्या परिचारिकेला किंवा डॉक्टरांना सांगावे, नंतर पाळीच्या प्रमुख परिचारिकेला, आणि तरीही समाधान न झाल्यास ठरावीक दूरध्वनीवर कळवावे, मग रुग्णाची पुन्हा तपासणी होते. इंग्लंडमध्ये २०२४ पासून ‘मार्थाचा नियम’ लागू होऊ लागला. त्यात उपचार करणाऱ्या चमूबाहेरचे, गंभीर रुग्ण हाताळणारे पथक घरच्यांना थेट बोलावता येते, रात्री-अपरात्रीही. शिवाय प्रकृतीत काय फरक वाटतो, हे रुग्णाला किंवा घरच्यांना रोज विचारून लिहून ठेवायचे असते.

लोक उगाच फोन करत सुटतील, ही शंका आम्हालाही आली होती. सप्टेंबर २०२४ ते जून २०२५ या काळात इंग्लंडमधील सहभागी रुग्णालयांत सुमारे ४,९०० फोन आले, आणि त्यांतून सुमारे २४० वेळा जीव वाचवू शकणारी कार्यवाही झाली, असे तेथील आरोग्यसेवेने कळवले आहे. बाकीचे फोन वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. मूल बरे आहे हे दुसऱ्या डॉक्टरने नीट पाहून सांगणे, हेही उपचारातच मोडते.

आपल्याकडे पालकांना हक्क नाहीत असे नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. पण हे हक्क सवडीचे आहेत. रात्री दोन वाजता मूल निपचित पडले असता कागदपत्रांचा काय उपयोग? आणि तालुक्याच्या गावाहून आलेली, पदराचे टोक चाळवत उभी असलेली आई ‘डॉक्टरसाहेब, मला हे पटत नाही’ असे म्हणत नाही. ती गप्प राहते, किंवा सिस्टरना तिसऱ्यांदा हाक मारते. ती तिसरी हाक हीच तिची हरकत असते. ती ओळखायची कशी, हे आम्हाला शिकावे लागणार आहे.

राऊंडच्या वेळी आईवडिलांना विभागाबाहेर उभे करण्याची आमची जुनी पद्धत होती. ज्यांच्याकडून सर्वाधिक कळायचे त्यांनाच बाहेर काढत होतो. ती बंद केली आहे. बालविभागाच्या तक्त्यावर तापमान-नाडीच्या खाली ‘आईचे म्हणणे’ असा रकाना वाढवला आहे. परिचारिकेने तो प्रत्येक पाळीत आईच्याच शब्दांत भरायचा असतो. काही दिवस तो कोराच राहत असे, आता भरू लागला आहे.

अवघड प्रश्न रात्रीचा आहे. बालविभागात रात्री एकच डॉक्टर असतो. त्याच्या निर्णयावर आईने हरकत घेतली, तर दुसऱ्या नजरेने पाहायला येणार कोण? सध्या बालरोगतज्ज्ञांना घरी दूरध्वनी करण्याची सोय केली आहे, आणि तो करण्याची मुभा परिचारिकेलाही आहे. परंतु दूरध्वनीवरून मूल दिसत नाही. रात्रपाळीसाठी आणखी एका डॉक्टरच्या नेमणुकीचा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्याच्या वेतनाची तरतूद अद्याप व्हायची आहे.