मुलाखतीत ‘नेट चालत नाही’ असं विचारलं तर?

प्रश्न: मी बीसीए झालोय. पुढच्या आठवड्यात पुण्यात डेस्कटॉप सपोर्टसाठी मुलाखत आहे. अनुभव शून्य. तयारी कशी करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: व्याख्या घोकत बसू नका. या जागेसाठी बहुधा एखादी अडचण समोर ठेवतात आणि तुम्ही ती कशी उलगडता ते बघतात. ‘एका कर्मचाऱ्याचं नेट चालत नाही’ हा तर ठरलेला प्रश्न. लगेच उपाय सांगू नका. आधी विचारा: एकट्याचंच बंद आहे की शेजारच्यांचंही? केबल, वायफाय बघून झालं की कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाला डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नाही. पत्ता ठीक असेल तर आधी गेटवेला पिंग करा, मग ८.८.८.८ ला. दोन्हीकडून उत्तर येतंय, पण वेबसाइट नावाने उघडत नाही? मग संशय डीएनएसवर. हे सगळं घरच्या संगणकावर स्वतः करून बघा. हाताखालून गेलेलं काम बोलताना लगेच कळतं.

प्रिंटरची रांग अडकली तर प्रिंट स्पूलर सर्व्हिस पुन्हा सुरू करायची, एवढं लक्षात असू द्या. पासवर्ड बदलून देण्याआधी समोरच्याची ओळख पडताळेन, हे मात्र आवर्जून सांगा. माझ्या मते इथे उमेदवाराची जबाबदारीची जाण दिसते.

इंग्रजीची धास्ती नको, छोटी वाक्यं पुरतात. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही; शोधेन, नाही सुटलं तर काय काय करून पाहिलं ते तिकिटात लिहून वरच्या टीमकडे पाठवेन’ असं सरळ सांगा.