शरीर हलते, मन हलके होते



“फादर, रोज रोझरी म्हणतो, तरी छातीवरचा दगड उतरत नाही. माझी श्रद्धा कमी पडते का?” हा प्रश्न धर्मगुरूला अनेकांच्या तोंडून ऐकायला मिळतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे सेवा करणारी सून तो विचारते, नोकरी गेलेला बाप विचारतो, जोडीदार गमावलेले आजोबा विचारतात. माझे उत्तर असे असते : श्रद्धेची झडती घेण्याआधी शरीराची विचारपूस करा. झोप लागते का? दोन घास पोटात जातात का? आज घराबाहेर किती पावले टाकलीत? धर्मगुरूच्या तोंडी हे प्रश्न ऐकून काहींना नवल वाटते. म्हणून आज या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

१. एकच माणूस

मन वेगळे आणि शरीर वेगळे, अशी समजूत आपल्यात खोल रुजली आहे. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने ती ठामपणे मांडली. पण त्याच्या चारशे वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या आधारे वेगळेच शिकवले होते : आत्मा हा शरीरात राहणारा भाडेकरू नव्हे, आत्मा आणि शरीर मिळून एक माणूस होतो.

आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या महाग्रंथात संत थॉमस एक अगदी घरगुती प्रश्न घेतात : दुःखावर उतारा काय? ते पाच उपाय सांगतात. आनंद देणारी गोष्ट, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि पाचवा उपाय म्हणजे झोप व स्नान! कारणही देतात. दुःख हे शरीरातील जीवनाच्या गतीला अडथळा करते. म्हणून जे जे ती गती पूर्ववत करते, ते दुःखाचा भार कमी करते. एवढा मोठा ईशज्ञानी माणूस दुःखी माणसाला आंघोळ करायला सांगतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

२. तणावात शरीरात काय घडते?

हार्वर्ड विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली दाखवून दिले की, संकट दिसताच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते. ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदय जोराने धडधडते, यकृत साखर सोडते, रक्त स्नायूंकडे धावते आणि पचन मंदावते. समोर वाघ असेल तर ही तयारी जीव वाचवते. पण आपले संकट म्हणजे बँकेची नोटीस, साहेबाचा फोन किंवा डॉक्टरांचा रिपोर्ट. त्याच्यापासून पळता येत नाही आणि त्याच्याशी कुस्तीही खेळता येत नाही. तयारी झालेली असते, पण आपण खुर्चीत बसून राहतो. मग खांदे आखडतात, जबडा आवळला जातो, पोट बिघडते, रात्री डोळा लागत नाही. चालणे, पोहणे, अंगण झाडणे, बागेत कुदळ चालवणे यांनी त्या साठलेल्या तयारीला वाट मिळते.

आपल्या आज्या-पणज्यांना हे पुस्तकाविना ठाऊक होते. पहाटे जात्यावर बसून त्या सासुरवास, माहेरची ओढ, गेलेल्या लेकराची आठवण असे सारे ओवीत घालत. हात जात्याबरोबर फिरे, श्वास ओवीबरोबर चाले आणि पिठाबरोबर दुःखही थोडे दळले जाई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दळण हे कष्टाचे काम होते. गिरणी आली हे चांगलेच झाले. पण जात्याबरोबर दुःख बोलण्याची जागाही गेली. तिच्या बदल्यात आपण घरात काय आणले, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

३. प्रत्येक भावनेची चाल वेगळी

_दुःख आणि उदासीनता_ माणसाला थिजवतात. इथे हालचाल हवी. २०२४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याच्या रुग्णांना चालणे किंवा धावणे, योगासने आणि स्नायू बळकट करणारे व्यायाम यांचा चांगला उपयोग झाल्याचे दिसले. सुरुवात लहान करा : घरापासून चर्चपर्यंत आणि परत. शक्यतो सोबत कोणीतरी असावे.

_चिंता_ स्नायूंत दडून बसते. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी स्नायू सैल करण्याची एक पद्धत शोधली आणि १९२९ साली त्यावर पुस्तक लिहिले. तिची सोपी रीत अशी : खुर्चीत टेकून बसा. दोन्ही मुठी पाच-सात सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडा. पंधरा-वीस सेकंद हात सैल पडू द्या आणि फरक अनुभवा. याच क्रमाने खांदे कानांकडे उचला व सोडा. कपाळ, जबडा, पोट, पोटऱ्या, पावले आवळा व सोडा. दुखऱ्या भागाला ताण देऊ नका. दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

_राग_ मात्र वेगळा आहे. “राग आतमध्ये ठेवू नये, आदळआपट करून मोकळे व्हावे” असे पुष्कळजण मानतात. हे खरे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. ज्याचा राग आला त्याला मनात आणून पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही, उलट तेच सर्वांत जास्त संतापलेले निघाले. काहीही न करता शांत बसलेले त्यांच्यापेक्षा बरे होते. आधीच तापलेल्या शरीराला आणखी तापवून राग शमत नाही. तिथे गती कमी करावी लागते : बसा, श्वास सावकाश सोडा, मुठी सैल करा, नंतर बोला. घरात भांडी आणि दारे आपटणाऱ्यांनी, आणि विशेषतः हात उगारणाऱ्यांनी, हे ध्यानात घ्यावे. आपल्या ‘मोकळे होण्याची’ किंमत बायकामुले मोजत असतात.

४. एलियाची वाट

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळतो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो (१ राजे १९). देवाने त्याला उपदेश केला नाही, त्याच्या श्रद्धेला दोषही दिला नाही. देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिले. एलिया पुन्हा झोपला, पुन्हा जेवला, मग चाळीस दिवस होरेब पर्वताकडे चालला. “तू इथे काय करतोस?” हा प्रश्न देवाने त्यानंतर विचारला. झोप, अन्न आणि वाटचाल आधी, संवाद नंतर.

अम्माऊसच्या वाटेवरील दोघेही (लूक २४) चालता चालता दुःख बोलत होते. त्या प्रवाशाने विचारताच ते खिन्न होऊन थबकले. त्याने त्यांचे सारे ऐकून घेतले आणि तो त्यांच्याबरोबर पुढे चालत राहिला. दुःखी माणसाला आपणही हेच देऊ शकतो : सल्ला कमी, सोबत जास्त.

५. एक सावधगिरी

हालचाल हे औषधाचे दुसरे नाव नव्हे. उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कामात मन लागेनासे झाले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांकडे जा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारून मगच व्यायाम सुरू करावा. मदत मागणे हा श्रद्धेचा अभाव नाही. एलियानेही देवदूताची भाकर नाकारली नाही.

कुटुंबात चर्चेसाठी

१. तणाव आला की माझ्या शरीराचा कोणता भाग आधी आखडतो?

२. आमच्या घरात राग कसा व्यक्त होतो आणि त्याचा त्रास कोणाला होतो?

३. या आठवड्यात मी कोणाला “चल, थोडे चालून येऊ” असे म्हणू शकतो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज मिस्सा संपल्यावर घरी जातानाच द्यायला हरकत नाही.

आपला धर्मगुरू